यवनांची पोढी, गावाचा वीर

जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांची, म्हणजे मुळात ग्रीक लोकांची, नावे कोरलेली आहेत: इरिल, चिट आणि चंद. इरिलाने शिवनेरीच्या कड्यात दोन पोढी, म्हणजे खडकात खोदलेली पाण्याची टाकी, करवून दिली. चिटाने त्याच डोंगरावर भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. चंदाने मानमोडीच्या डोंगरात लेण्याचे गर्भद्वार दिले. तिघांचेही लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृतात, आणि अगदी आखूड. इरिल आणि चिट स्वतःला ‘गतांपैकी’ म्हणवतात. हे गत कोण, यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली. एकाने तर थेट युरोपातल्या गॉथ टोळ्यांपर्यंत मजल मारली. चंद हे नाव तर आपल्याकडच्या कोणाचेही असू शकते. यवन म्हणवणारी ही माणसे तोवर किती ग्रीक उरली होती आणि किती इथली झाली होती, याचा हिशेब नावांवरून लागत नाही. दान मात्र पूर्णपणे इथल्या रीतीचे आहे.

आणि हीच गोष्ट मला विचारात पाडते. ग्रीक माणूस घर सोडून लांबच्या सीमेवर वस्तीला गेला, की दोन गोष्टी उभारल्याशिवाय ती वस्ती त्याला आपली वाटत नसे. एक, मेलेल्या वीराची समाधी. दुसरी, जिवंत पोरांची तालीम. जुन्नरच्या यवनांच्या मागे टाके आहे, जेवणाचा मंडप आहे, दार आहे. वीरही नाही आणि तालीमही नाही.

ग्रीकांकडे वीर कसा घडवला जाई, याचा सगळ्यात उघडावाघडा नमुना थ्रेसमधल्या अँफिपोलिस या शहराचा. इ.स.पू. ४३७ मध्ये अथेन्सच्या हॅग्नोनने ते वसवले. संस्थापक म्हणून मान त्याचा. पुढे अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धात हे शहर स्पार्टाच्या ब्रासिडासने काबीज केले, आणि इ.स.पू. ४२२ मध्ये ते राखताना तो तिथेच पडला. गावकऱ्यांनी त्याला चौकाच्या तोंडाशी पुरले, समाधीला कुंपण घातले, वीर म्हणून बळी द्यायला सुरुवात केली आणि त्याच्या नावाने दरवर्षी खेळांच्या स्पर्धा भरवल्या. हॅग्नोनची आठवण सांगणाऱ्या इमारती पाडून टाकल्या. शहराचा संस्थापक आता ब्रासिडास! ही हकिकत लिहून ठेवली थ्युसिडिडीसने, आणि हे शहर वाचवायला वेळेत न पोहोचलेला अथेन्सचा सेनापतीही तोच होता. त्यापायी त्याला वीस वर्षे हद्दपारी भोगावी लागली. त्यामुळे या प्रकरणात तो भाबडेपणा दाखवत नाही. वीर कोण, हे मेलेल्याच्या पराक्रमावर ठरते तितकेच जिवंतांच्या गरजेवरही ठरते, हे त्याच्या चार ओळींत स्वच्छ दिसते.

दुसरा नमुना आपल्या बाजूचा. आजच्या अफगाणिस्तानात अमुदर्या आणि कोकचा या नद्यांच्या संगमावर आय-खानुम नावाचे ग्रीक शहर होते. पॉल बर्नार यांच्या फ्रेंच पथकाने १९६० आणि ७०च्या दशकांत ते खणून काढले. शहराच्या मधोमध किनिआस नावाच्या माणसाची समाधी निघाली. बहुधा तोच शहराचा संस्थापक. दगडी पेटीच्या झाकणापर्यंत एक नळी सोडलेली होती. वरून ओतलेले अर्घ्य त्या नळीतून खाली मृतापर्यंत पोहोचावे, अशी सोय. या समाधीच्या आवारात क्लिआर्कोस नावाच्या गृहस्थाने हजारो मैलांवरच्या डेल्फीच्या देवळातली नीतिवचने काळजीपूर्वक उतरवून आणून शिळेवर कोरवली. शिळेच्या बैठकीवर शेवटची पाच वचने टिकली आहेत. त्यांत वयाची पायरी-पायरी सांगितली आहे: मुलाने शिस्तीत राहावे, तरुणाने संयम पाळावा, मधल्या वयात न्यायाने वागावे, म्हातारपणी चांगला सल्ला द्यावा, आणि मरताना शोक करू नये. वीराच्या समाधीवर मरणाची थोरवी सांगायची सोडून पोरांना वळण लावणारी वचने कोरली, ही गोष्ट मला त्या सगळ्या उत्खननात सर्वांत बोलकी वाटते.

त्याच शहरात तालीमही होती, मोठ्या चौकाची. तिच्या भिंतीत दोन सख्ख्या भावांचा लेख सापडला. त्रिबालोस आणि स्त्रातोन ही त्यांची नावे. त्यांनी ती वास्तू हर्मीस आणि हेराक्लीस यांना वाहिली आहे. ग्रीक तालमीत हे दोन देव बसवलेलेच असत. हेराक्लीस बळाचा, हर्मीस चपळाईचा आणि वाटेचा.

तालमीतून बाहेर पडलेल्या पोराला सीमेवर पाठवायचे, हा अथेन्सचा रिवाज. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात तो नीट सांगितला आहे. अठराव्या वर्षी मुलाचे नाव गावाच्या पटावर चढे. मग ही पोरे आधी शहरातली देवळे फिरून येत आणि वर्षभर बंदराच्या गढ्यांत पहारा शिकत. दुसऱ्या वर्षी लोकांसमोर कवायत करून दाखवली, की नगराकडून ढाल आणि भाला मिळे, आणि मग नगराच्या हद्दीवरच्या चौक्यांवर गस्त. अंगावर आखूड झगा. तो काळा असे, हे पुढच्या एका लेखकाने नोंदवले आहे. त्यांच्या शपथेचा शिलालेख अथेन्सजवळ अखार्नाय इथे सापडला. त्यात साक्षीला देव आहेत, हेराक्लीस आहे, आणि देवांच्या जोडीला देशाच्या सीमा, गहू, जव, द्राक्षवेली, ऑलिव्ह आणि अंजीरही आहेत. पीक साक्षीला बोलावणारी ही शपथ शेतकऱ्याच्या पोराला समजेल अशी आहे. जाता जाता सांगायचे तर आपल्याकडे पंचविंश ब्राह्मणात वर्णन केलेल्या व्रात्यांच्या टोळीचा म्होरक्याही काळ्या वस्त्रात असतो. गावाबाहेर हिंडणाऱ्या, अजून गृहस्थ न झालेल्या तरुणांच्या टोळीत दोन्हीकडे काळे वस्त्र का येते, हे कोणी अभ्यासकाने सवडीने सांगावे.

आता जुन्नरकडे येऊ. हा मुलूख आज सीमा वाटत नाही. कल्याणहून माळशेज चढून आलेला रस्ता मढ, डिंगोरे करत ओतुरात शिरतो आणि आळेफाट्याकडे निघून जातो; प्रवाशाला घाट संपला एवढेच कळते. पण सातवाहनांच्या काळात सह्याद्रीची धार म्हणजे कोकण आणि देश यांमधली हद्द होती, आणि नाणेघाट हे तिचे दार. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल या दाराने वर येई आणि जुन्नरमार्गे पैठणकडे जाई. दाराशी जकातीचा दगडी रांजण अजून दाखवतात. ज्याच्या हाती घाट त्याच्या हाती व्यापार, म्हणून हे दार सारखे हातांतून हातांत फिरत राहिले. मानमोडीच्या एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, वर्ष ४६ मध्ये पोढी आणि मंडप दिल्याचे सांगतो. त्यानंतर फार काळ गेला नाही. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या क्षहरात घराण्याचा पाडाव केला आणि नहपानाची चांदीची नाणी गोळा करून त्यांवर स्वतःची मुद्रा उमटवली. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला, त्यातली बहुतेक अशी दुहेरी मुद्रेची आहेत.

अशा गावात परका माणूस पाय कसा रोवतो? जुन्नरचे लेख वाचत गेले की उत्तर मिळते. इथे धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बुरुडांची आहे, कासारांची आहे. आडुथुम नावाचा शक कोणाचिक श्रेणीतला उपासक म्हणून उभा राहतो आणि वडालिकेतली वीस निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी नेमून देतो, वर वडाच्या झाडांसाठी आणखी नऊ. शकाने झाडे लावली, यवनाने टाके खोदले. समाधी बांधून जमिनीवर हक्क सांगण्याऐवजी या मंडळींनी वाटसरूच्या तहानेची आणि सावलीची सोय केली, आणि त्या बदल्यात संघाच्या भिंतीवर नाव मिळवले. ज्या बौद्ध धर्माला त्यांनी दान दिले, त्यात वीराला मान नव्हता असे नाही. पण तिथला वीर मनोविकार जिंकणारा. त्याला अर्घ्याची नळी लागत नाही.

इथल्या राजांनी मात्र वीर पुजले, आणि गंमत अशी की त्याच वीरांकडे ग्रीकही पाहत होते. ग्रीक वकील मेगास्थनीस पाटलीपुत्राला आला होता, तेव्हा मथुरेचे शूरसेन लोक हेराक्लीसची पूजा करतात असे त्याने लिहिले. त्याला दिसलेला हेराक्लीस म्हणजे वृष्णिकुळातला वासुदेव, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वृष्णींच्या या वीरांना अजून पुराणातला पूर्ण देव व्हायचे होते. मथुरेजवळच्या मोरा गावातल्या लेखात त्यांचा उल्लेख पंचवीर असाच आहे, आणि वायुपुराण संकर्षण, वासुदेव, प्रद्युम्न, सांब, अनिरुद्ध अशी यादी देते. १९७० मध्ये आय-खानुमलाच अगाथोक्लीस या ग्रीक राजाची सहा चांदीची नाणी सापडली. चौकोनी, भारतीय धाटणीची. एका बाजूला नांगर आणि मुसळ घेतलेला संकर्षण, दुसऱ्या बाजूला चक्र घेतलेला वासुदेव. ज्या शहरात किनिआसच्या समाधीत अर्घ्य ओतले जात होते, त्याच शहरात आपले दोन वीर येऊन पोहोचले होते. मग विदिशेजवळ बेसनगरला तक्षशिलेच्या दिओनचा मुलगा हेलिओडोरस वासुदेवासाठी गरुडध्वज उभारतो आणि स्वतःला भागवत म्हणवतो. त्याच्या लेखात स्वर्गाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: दम, त्याग, अप्रमाद. क्लिआर्कोसने डेल्फीहून आणलेल्या तरुणपणच्या संयमाच्या वचनाशेजारी त्या ठेवल्या तर विजोड दिसत नाहीत.

संकर्षण आणि वासुदेव ही दोन नावे जुन्नरजवळ नाणेघाटातही आहेत. घाटमाथ्याखालच्या लेण्यात डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लांबलचक लेख आहे. वंदन सुरू होते धर्म आणि इंद्रापासून, मग संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, आणि यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल. पुढे केलेल्या यज्ञांची यादी: अश्वमेध, राजसूय, आणखी कितीतरी, आणि दक्षिणेला हजारोंनी गाई. हा लेख आहे जकातीच्या नाक्यावर. घाट चढून धापा टाकत आलेला व्यापारी जिथे थांबणार, तिथेच.

मागच्या भिंतीवर पुतळ्यांची रांग होती. पुतळे गेले, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. पण डोक्यावरची नावे टिकली. राजा सिमुक सातवाहन. देवी नागनिका आणि राजा श्रीसातकर्णी. कुमार भाय. महारठी त्रनकयिर. कुमार हकुसिरि. कुमार सातवाहन. १८२८च्या सुमारास कर्नल साइक्सने हे लेणे पाहून त्याची माहिती बाहेर आणली. नंतर भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी लेख वाचले. तेव्हापासून वाद चालू आहे तो राजांच्या क्रमाचा आणि काळाचा. माझे लक्ष त्या तीन कुमारांवर अडते. वाचता येणाऱ्या नावांतली जवळजवळ निम्मी अशी आहेत, की ज्यांनी अजून काही केलेले नाही. भासाच्या प्रतिमा नाटकात भरत पूर्वजांच्या पुतळ्यांच्या दालनात शिरतो आणि तिथे बापाचा पुतळा पाहूनच त्याला दशरथ गेल्याचे समजते, कारण त्या दालनात फक्त मेलेल्यांना जागा. नाणेघाटाची रांग त्या नियमात बसवायची तर इतक्या कुमारांना अकाली मारावे लागेल. त्यापेक्षा सरळ अर्थ असा लागतो: वंशाचा मूळपुरुष, त्याच्यानंतरचा राजा, आईचा महारठी बाप आणि पुढे राज्य सांभाळायची मुले, सगळे एका ओळीत उभे करून सीमेच्या दारात ठेवले. थोरल्या वीराशेजारी धाकटा उभा केला की तो त्याच्यासारखा होईल, ही अपेक्षाही त्यात आली. नागनिकेच्या लेखात तिचे स्वतःचे वर्णन महिना-महिना उपास करणारी, घरात राहून तापसासारखे जगणारी असे आहे. पती गेलेला, मुले लहान, आणि घाट राखायचा आहे. पुतळ्यांची ही रांग मला अशा बाईचे राजकारण वाटते.

दुसरी आई नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात भेटते. गौतमी बलश्री. नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी तिने तो लेख कोरवला आणि आपल्या दिवंगत मुलाचे, गौतमीपुत्राचे, गुण सांगितले. त्याने शक, यवन, पल्हव यांचा नाश केला. पराक्रमाने तो राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा. राम-केशव म्हणजे बहुधा तेच दोघे वृष्णिवीर. गेलेल्या मुलाला आईने वीरांच्या मालिकेत नेऊन बसवले, आणि हे सगळे एका बौद्ध भिक्षुसंघाला लेणे देताना. त्याच डोंगरातल्या १७व्या लेण्यात उत्तरेकडच्या दातामितीचा योनक इंद्राग्निदत्त आईवडिलांसाठी लेणे देतो. यवनांचा नाश केल्याचा डंका आणि यवनाचे दान एकाच डोंगरात नांदतात. दरबारी लेखातले युद्ध आणि बाजारातला शेजार यांची गल्लत करू नये ती यासाठी.

पुढे हजारेक वर्षांत चित्र पालटते. शिलाहार-यादवांच्या काळात राजांच्या पुतळ्यांऐवजी साध्या लढवय्यांच्या शिळा दिसू लागतात. जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांतही देवळाच्या आवारात, ओढ्याकाठी, पाराला टेकवलेल्या अशा वीरगळी भेटतात. रचना ठरलेली. सगळ्यात खाली लढाई किंवा आडवा पडलेला वीर, पुष्कळदा शेजारी गुरे, कारण मरण गुरे सोडवताना आलेले असते. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेतात. वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य आणि कलश. नाणेघाटातल्या वंदनातले चंद्र-सूर्य इथेही साक्षीला आहेत, पण गाईंचा अर्थ फिरला: तिथे राणीने दान दिलेल्या, इथे गावाच्या पोराने जीव देऊन परत आणलेल्या. कर्नाटकातल्या पुष्कळ वीरगळींवर वीराचे नाव, राजाचे नाव, साल कोरलेले असते. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुक्या आहेत. दोन-तीन पिढ्या नाव लक्षात राहत असेल, मग शेंदूर चढतो आणि वीराचा म्हसोबा किंवा वेताळ होतो. हा ऱ्हास आहे असे इतिहासकार हळहळून म्हणतात. गावाच्या बाजूने पाहिले तर नाव गेले तरी नैवेद्य चालू राहिला. ब्रासिडासला हे जमले नाही.

या घाटांचे पहारेकरी पुढच्या काळातही वीरगतीला गेले. महादेव कोळ्यांच्या नाइकांकडे मावळांचा आणि घाटवाटांचा बंदोबस्त होता. सतराव्या शतकाच्या मध्यात त्यांचा उठाव मोगलांनी मोडला आणि शिवनेरीवर कित्येकांची डोकी उडवली, असे परंपरा सांगते. त्या जागेला कोळी चौथरा म्हणतात. तिथेही नावे नाहीत.

वीर दगडातून घरातही आला. नाशिक, नगर, पुणे या पट्ट्यातल्या अनेक घरांच्या देव्हाऱ्यात खंडोबा-भवानीच्या टाकांशेजारी घराण्यातल्या वीराचा चांदीचा टाक असतो. बहुधा तो लढाईत किंवा अकाली गेलेला, कित्येकदा लग्नाआधीच. नाशिकला धुळवडीच्या दिवशी हे वीर बाहेर निघतात. टाक घेऊन मंडळी वाजतगाजत गोदावरीवर जातात, टाकांना स्नान घालतात, आणि घरातली लहान मुले देवांचे, योद्ध्यांचे वेष करून त्यांच्यापुढे नाचतात. गेलेल्या वीराच्या मिरवणुकीत नटवायचे ते घरातले सगळ्यात कोवळे पोर. दाजिबा वीराचा मान वेगळा. अंगाला हळद लागलेली असताना मारला गेलेला हा नवरदेव. त्याला मिरवतात ते बाशिंग बांधून, आणि ज्यांची लग्ने जमत नाहीत ते त्याला नवस बोलतात.

ग्रीसमध्ये त्रोयझेन या गावी याच्या अगदी जवळचा प्रकार होता. हिप्पोलितोस हा लग्नाला नकार देणारा, शिकारीत रमणारा राजपुत्र. रथाच्या लगामांत अडकून घोड्यांमागे फरफटत मेला. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस सांगतो, की गावातली प्रत्येक मुलगी लग्नाआधी केसांची बट कापून त्याच्या देवळात वाहत असे. ज्याचे लग्न झाले नाही त्याच्या उंबऱ्यावरून लग्नात शिरायचे, हे दोन्हीकडे सारखे. मी यातून ग्रीसपासून गोदावरीपर्यंत कुठली दोरी ओढत नाही. आय-खानुमच्या नाण्यांनी आपले वीर तिकडे गेल्याचे सिद्ध होते, त्यांचे वीर गोदावरीपर्यंत आल्याचा पुरावा नाही. सीमेवरच्या शेतकरी-गुराखी गावात तरुण मुलगा लढाईत जातो तेव्हा त्याचे लग्न आणि त्याची लढाई ही दोन्ही खाती गावाच्याच वहीत असतात. एक बंद झाले की दुसऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न कुठेही पडणारच.

ओतुरात मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वराचे देऊळ आहे. श्रावणातल्या सोमवारी तिथे यात्रा भरते, कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात आणि कुस्त्यांचा आखाडा लागतो. तुकोबांना स्वप्नात उपदेश देणाऱ्या बाबाजी चैतन्यांची समाधी याच गावात, त्यामुळे यात्रेला दोन्ही रंग आहेत, टाळाचा आणि हलगीचा. आपल्याकडच्या यात्रांत आखाड्याचा क्रम ठरलेला असतो: आधी लहान पोरांच्या किरकोळ इनामाच्या जोड्या, मग चढत जाऊन शेवटी नामांकित मल्ल. पोरगा मातीला हात लावून तो कपाळाला लावतो, वस्तादाच्या पाया पडतो आणि उतरतो. तेल, ताक, हळद घालून मळलेल्या त्या मातीचा वास ज्याने घेतला आहे, त्याला ग्रीक तालमीतले तेल आणि वाळू परकी वाटणार नाहीत.

तालमीत कोनाड्यात बसलेला देव मात्र हेराक्लीससारखा बायकामुलांचा नाही. मारुती ब्रह्मचारी, बळाचा धनी, आणि त्याचे दुसरे ठाणे गावाच्या वेशीवर, जिथे हद्द संपते. शपथ, ढाल-भाला, पहाऱ्याची दोन वर्षे हे सगळे आपल्याकडे या एका देवाच्या अंगावर येऊन पडले. एवढेच नाही, लग्नाचे वऱ्हाड परगावाहून आले की नवरदेव आधी मारुतीच्या देवळात उतरतो, आणि तिथून त्याला वाजतगाजत मांडवात नेतात. लग्न न केलेल्या देवाकडे नवरदेवाचे काय काम, असे एखाद्या जाणत्याला विचारले, तर तो आधी फेटा सारखा करील आणि म्हणेल, पद्धत आहे, चला, मुहूर्त टळतोय.